स्टीव्ह टिकोलोची सरासरी २९. मग त्याला मोठा खेळाडू म्हणायचं का?

कराडचा_डावखुरा

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबात रविवारी नेट संपलं की पोरांना खाली बसवून अर्धा तास एका खेळाडूविषयी सांगायचं, असं आम्ही दिवाळीनंतर सुरू केलंय. पोरं बारा ते सोळा वयाची आहेत, ओगलेवाडी, मलकापूर, सैदापूर भागातली. सचिन, धोनी, विराट यांच्याविषयी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. म्हणून मी मुद्दाम लहान क्रिकेट देशातला माणूस शोधला आणि केनियाचा स्टीव्ह टिकोलो ठरवला. १९९६ ते २०११ असे पाच वर्ल्ड कप तो खेळला. २००३ मध्ये त्याच्या कप्तानीत केनिया सेमीफायनलला आला. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे माझं सगळं ज्ञान वाचीव.

क्लबातला माझा मित्र म्हणतो, वनडेत ज्याची सरासरी जेमतेम २९ आहे त्याला पोरांसमोर आदर्श म्हणून का ठेवायचा? त्यांना वाटेल, एवढंच केलं तरी चालतं. तो चुकीचं बोलतोय असं मला आतून वाटतं, पण उत्तर देता आलं नाही. ज्यांनी टिकोलोला खेळताना बघितलंय त्यांनी सांगाल का? तो खरंच चांगला होता, की दुबळ्या संघात उठून दिसला?

मिरजेचा_स्कोअरर

मी अठरा वर्षं जिल्ह्यातल्या सामन्यांची वही लिहितोय, त्यामुळे आधी आकडे बोलतो. वनडेत तीन हजारांच्या वर धावा, ऑफस्पिनवर नव्वदच्या वर विकेट. अष्टपैलू म्हणून काम चोख आहे. पण निव्वळ बॅट्समन म्हणून २९ ही मधल्या फळीतल्या मुख्य माणसाची सरासरी त्या काळातही साधारणच धरली जायची.

'संघ दुबळा होता' हे कारण मला पुरेसं वाटत नाही. झिंबाब्वेचा अँडी फ्लॉवरही दुबळ्याच संघातून खेळला. त्याची वनडेतली सरासरी ३५ आहे आणि कसोटीतली ५१. आफ्रिकेतलाच देश, काळही जवळपास तोच. तुमच्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. पोरांना टिकोलो जरूर सांगा, पण थोर म्हणून सांगू नका.

अजिंक्यतारा_नाना

बाळा, मी टिकोलोला बघितलंय. पुण्यात, नेहरू स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून. २९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. आमच्या घरात २९ फेब्रुवारीला अजून 'केनियाची तारीख' म्हणतात.

तेव्हा मी सातारा एमआयडीसीत लेथवर होतो. वर्ल्ड कप आपल्याकडे आलाय आणि वेस्ट इंडीज पुण्यात खेळणार म्हटल्यावर आम्ही तिघांनी जायचं ठरवलं. केनियासाठी आमच्यातला एकही निघाला नव्हता. मला अँब्रोज आणि वॉल्श बघायचे होते, कारण मी स्वतः शाहू स्टेडियमवर मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या विकेटवर, नवा बॉल टाकायचो. बाकीच्या दोघांना लारा बघायचा होता. रात्रपाळी उरकून तसेच स्टँडवर गेलो आणि पहाटेची गाडी धरली. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो ना, तो तेव्हा नव्हता. जुना घाट चढून, शिरवळ, कात्रज करत स्वारगेटला उतरलो. तिथून स्टेडियम चालत पाच मिनिटं. डब्यात भाकरी, खर्डा आणि सकाळी स्टँडवर घेतलेले कंदी पेढे. लारानं शंभर केल्यावर खायचे म्हणून पेढे घेतले होते.

वेस्ट इंडीजचा कप्तान रिचर्डसननं टॉस जिंकून केनियाला बॅटिंग दिली. एका बाजूनं अँब्रोज, दुसरीकडून वॉल्श. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते समोर होतं. विकेट पडायला लागल्या आणि मग हा टिकोलो आला. अंगानं फार मोठा नाही, पण उभा राहिला की डोकं हलायचं नाही. उसळता बॉल आला की मागच्या पायावर जायचा, बॅटची पकड सैल सोडायचा आणि बॉल तिथंच पायाशी पडायचा. हे मॅटिंगवर खेळलेल्या माणसाला लगेच कळतं, कारण मॅटिंगवर बॉल असाच उसळतो आणि आमच्यातले निम्मे लोक तिथं मान फिरवायचे. मी सोबतच्याला म्हटलं, हा शिकलेला खेळाडू आहे.

त्यानं २९ केल्या आणि हार्परला आऊट झाला. ८१ वर सहा गेले होते. मग हितेश मोदी आणि सतरा वर्षांचा थॉमस ओडोयो यांनी जरा ओढून नेलं आणि सगळे १६६ वर संपले. आता आकडा बघा, स्कोअररसाहेब. त्या डावात सगळ्यांत जास्त एक्स्ट्रा, ३७. बॅटनं केलेल्या सगळ्यांत जास्त टिकोलोच्या, २९.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाचच्या गाडीचा विचार करत होतो. मॅच लवकर संपणार, उजेडात घरी पोचू. मग रजब अलीनं रिचर्डसनचा दांडा काढला. थोड्या वेळानं त्याच रजब अलीच्या बॉलवर लाराची कड लागली आणि मागं तारिक इक्बालनं झेल धरला. लारा ८. शेजारी एक पुण्याचे आजोबा बसले होते, सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, ते उभे राहून ओरडायला लागले. तिथून पुढं सगळं स्टेडियम केनियाचं झालं. कप्तान मॉरिस ओडुंबेनं ऑफस्पिनवर १५ धावांत तिघांना काढलं. वेस्ट इंडीज ९३ वर ऑलआऊट, ३५.२ ओव्हर. केनिया ७३ रननं जिंकली. या पोरांनी मैदानाला फेरी मारली, आमच्या पुढून गेली. आम्ही पेढ्यांचा पुडा फोडून अख्ख्या पायरीला वाटला.

आता सांगा, त्या २९ चं वजन किती? वहीत ती २९ आणि कुठल्यातरी सपाट विकेटवर साडेतीनशेच्या डावात केलेली २९, दोन्ही एकाच रकान्यात बसतात. ७३ रननं जिंकलेल्या मॅचमधला हा सगळ्यांत मोठा डाव आहे, आणि तरी त्यानं त्याची सरासरी वर चढली नाही.

त्याच वर्ल्ड कपचं आणखी सांगतो. कटकला भारताविरुद्ध केनियाचा पहिलाच वनडे सामना, टिकोलोचाही पहिला, त्यात ६५. कँडीला श्रीलंकेनं ३९८ ठोकल्या, तेव्हाचा विक्रम. एवढा डोंगर डोक्यावर असताना यानं ९६ केल्या.

पण त्याचा सगळ्यांत मोठा डाव सरासरीत धरलेलाच नाही. १९९७, क्वालालंपूर, आयसीसी ट्रॉफीची फायनल, समोर बांगलादेश. केनियाच्या २४१ पैकी १४७ एकट्या टिकोलोच्या. पावसानं बांगलादेशला २५ ओव्हरमध्ये १६६ करायच्या ठरल्या आणि ते शेवटच्या बॉलवर जिंकले. त्या सामन्याला वनडेचा दर्जा नव्हता. म्हणून ते १४७ तुमच्या ३ हजारांत नाहीत. माणसानं आयुष्यातली सर्वांत चांगली बॅटिंग केली ती फायनल हरला आणि त्या धावा हिशेबातही आल्या नाहीत. बांगलादेशला तीन वर्षांत कसोटीचा दर्जा मिळाला. केनियाला मिळाला नाही.

इथंच फ्लॉवरची तुलना तुटते. झिंबाब्वेला १९९२ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला. फ्लॉवरला ६३ कसोट्या मिळाल्या. टिकोलोला एकही नाही. मी तीस वर्षं लेथवर उभा होतो. रोज मशीनवर उभा राहणाऱ्याचा हात बसतो, टूल बोटांना आपोआप कळतं. त्याच माणसाला सहा महिन्यांत एकदा जॉब दिला तर पहिला पीस बिघडणारच, मग कारागीर कितीही चांगला असो. टिकोलोला पहिला पीस बिघडवायला मुभाच नव्हती, कारण दुसरा पीस कधी येईल याचा पत्ता नसायचा. सचिन २२ वर्षांत ४६३ वनडे खेळला. टिकोलो १५ वर्षांत सव्वाशेच्या थोडं वर.

आणि वर्षंही कुठली हुकली बघा. २००३ चा वर्ल्ड कप. संदीप पाटील कोच, टिकोलो कप्तान. नैरोबीत श्रीलंकेला ५३ रननं हरवलं, कॉलिन्स ओबुयानं २४ धावांत ५ काढल्या. न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणानं नैरोबीला आलंच नाही, त्याचे गुण मिळाले, ही गोष्ट लोक नेहमी उगाळतात. पण बांगलादेश आणि झिंबाब्वेलाही त्यांनी मैदानावरच हरवलं. सेमीफायनलला डरबनमध्ये आपल्या २७० होत्या, गांगुली नाबाद १११. केनियाच्या १७९ मध्ये टिकोलो ५६. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, बॅट्समनचं ऐन वय. त्यानंतर काय झालं? लगेच एप्रिलमध्ये शारजातली एक स्पर्धा, मग थेट २००४ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीचे दोन वनडे. मग खेळाडूंचा पगारावरून संप, बोर्ड बरखास्त, आणि २००६ उजाडेपर्यंत केनियाला एकही वनडे नाही. वर्ल्ड कपची सेमीफायनल खेळलेल्या कप्तानाचं हे झालं. हे आठवलं की मला अजून राग येतो.

मॉरिस ओडुंबेविषयीही पोरांपासून लपवू नकोस. पुण्यातल्या मॅचचा सामनावीर तो होता. २००४ मध्ये बुकीशी संबंध ठेवल्याबद्दल त्याच्यावर ५ वर्षांची बंदी आली. ते ऐकून दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं, कारण त्या फेरीत तो सगळ्यांच्या पुढं होता.

टिकोलो मात्र राहिला. २०११ ला कोलकात्यात झिंबाब्वेविरुद्ध शेवटचा वर्ल्ड कप सामना खेळून थांबला. २०१३ मध्ये केनियाला टी-ट्वेंटीच्या पात्रता फेरीसाठी माणूस हवा होता, तेव्हा ४२ व्या वर्षी परत पॅड बांधले. पुढं युगांडाचा कोच झाला. तुझ्या मित्राला म्हणावं, 'एवढंच केलं तरी चालतं' असं हे पोरांना शिकवत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

नाना, वाचताना अंगावर काटा आला. डावखुरे दादा, केनिया घेताच आहात तर पाच मिनिटं आसिफ करीमलाही द्या.

१५ मार्च २००३ ची गोष्ट आहे. मी दहावीला होते, सांगलीत विश्रामबागला राहायचो. माझे वडील एलआयसी एजंट. शनिवार होता. ते हप्ते गोळा करून आले आणि पंख्याखाली बसून मॅच लावली, ऑस्ट्रेलिया विरुद्ध केनिया. ब्रेट लीनं हॅट्ट्रिक घेतली होती, टिकोलोच्या ५१ होत्या, केनियाच्या कशाबशा १७४. गिलख्रिस्ट असा मारत सुटला होता की आई म्हणाली, आता बातम्या लावा.

मग हा डावखुरा स्पिनर आला. वय ३९. १९९९ च्या वर्ल्ड कपनंतर त्यानं क्रिकेट सोडलं होतं आणि नैरोबीत विम्याचा व्यवसाय करत होता. २००३ साठी त्याला परत बोलावून घेतलं. विम्याचं ऐकल्यावर बाबा खुर्चीत सरसावून बसले. करीमनं पाँटिंगला पायचीत केलं, मग लेहमन, मग हॉगचा स्वतःच झेल घेतला. ऑस्ट्रेलिया ५ बाद ११७. त्या वर्ल्ड कपमध्ये एकही सामना न हरलेला संघ एक-एक धावेसाठी अडला होता. करीमचे आकडे मला पाठ आहेत: ८.२ ओव्हर, ६ निर्धाव, ७ धावा, ३ विकेट. ऑस्ट्रेलिया जिंकली, पण सामनावीर करीम.

हा माणूस केनियाकडून डेव्हिस कपमध्ये टेनिसही खेळलाय. लहान देशात असंही असतं, एकच माणूस दोन-दोन खेळांचा भार उचलतो.

बाबा त्यानंतर कित्येक वर्षं पॉलिसी समजावताना करीमची गोष्ट सांगायचे. सामने ज्यांना आठवत नव्हते त्यांनाही सांगायचे. बाबांना कॉलेजच्या टीममधून खेळायचं होतं, घरची जबाबदारी आली आणि राहून गेलं. 'चाळिशीला आलेला विमावाला पाँटिंगला काढतो' हे वाक्य ते ज्या आवाजात म्हणायचे तो आवाज मला अजून ऐकू येतो. ते जाऊन चार वर्षं झाली.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि क्लासला जाते. स्मृती मानधना इथंच सांगलीत वाढली, त्यामुळे आमच्या गल्लीत मुलीनं बॅट घेऊन निघण्याचं कुणाला नवल वाटत नाही. मी तिला स्मृतीच्या जोडीला करीम सांगते.

मिरजेचा_स्कोअरर

नाना, क्वालालंपूरच्या १४७ चा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तो डाव माझ्या हिशेबात नव्हता. सरासरी काढताना मी भागाकार बरोबर केला, पण ज्या धावांना भागलं त्यातच सगळं आलेलं नव्हतं. फ्लॉवरशी तुलनाही मागे घेतो.

तुम्ही लिहिलेलं वाचताना मला आपल्या जवळचे भाऊसाहेब निंबाळकर आठवले, कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला ९ धावा कमी असताना समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. आणि इतक्या धावा करूनही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. निंबाळकरांविषयी आम्ही या भागात हळहळतो आणि तेच नैरोबीच्या माणसाच्या बाबतीत घडलं की सरासरी विचारतो. काल मी तेच केलं.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. पोरांना टिकोलोची सरासरी लपवून सांगू नका. फळ्यावर २९ लिहा, आणि त्याखाली वेगळ्या रंगात १४७ लिहून त्यांनाच विचारा की हे वरच्या आकड्यात का नाही. पोरं डोकं लावतील.

कराडचा_डावखुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कोअररसाहेब, फळ्याची कल्पना तशीच्या तशी उचलतो. ताई, करीमचे आकडे मी कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून लावणार आहे. आमच्याकडे एक डावखुरा स्पिनर आहे, चौदा वर्षांचा, ओगलेवाडीहून सायकलवर येतो. यंदा जिल्ह्याच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही, तेव्हापासून दोन रविवार आला नव्हता. मी काल त्याच्या घरी जाऊन आलो. येतो म्हणालाय.

मित्राला नानांची पोस्ट वाचून दाखवली. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, मग कसोटी मिळाली असती तर त्यानं किती केल्या असत्या? मला सांगता आलं नाही, पण असं विचारावंसं त्याला वाटलं याचंच मला बरं वाटलं.

नाना, एक विनंती आहे. मी वाचून सांगणार आणि तुम्ही बघून सांगणार, यात फरक पडतो. रविवारी सकाळी कराडला याल का? नेट आठला संपतं, शिवाजी स्टेडियमवर. स्टँडवर मी गाडी घेऊन येतो.

अजिंक्यतारा_नाना

येतो. साताऱ्याहून सहाच्या गाडीनं निघतो. त्या दिवशीचं स्टेडियमचं तिकीट माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहे, घडीवर विरलंय, पण तारीख वाचता येते. पोरांच्या हातात द्यायला आणतो. पेढेही आणतो. त्या ओगलेवाडीच्या पोराला सांग, गोष्ट नंतर, आधी मला त्याची बॉलिंग बघायचीय. नेट संपायच्या आत पोचतो.